शून्याखाली गेलेला शोषण गुणांक : एका ध्वनिशास्त्र प्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल विभागाने अंतिम वर्षासाठी ध्वनिशास्त्राचा ऐच्छिक विषय सुरू केला. इलेक्ट्रिकलवाल्यांना आवाजाचं काय करायचंय, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत निघालाच. उत्तर चाकण-पिंपरीच्या वाहन कारखान्यांकडे बोट दाखवून देता येत होतं. विजेवरच्या गाड्यांत इंजिनाचा घरघराट नाही, त्यामुळे त्याखाली झाकलेली मोटरची शिट्टी आता उघडी पडते. हवेच्या फटीतलं चुंबकीय बल पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेने स्टेटरला, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाला, दाबत राहतं, आणि इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा बारीक सूर त्यावर वेगळा. हे समजणारा माणूस मेकॅनिकलचाच असला पाहिजे असं काही नाही.

विषय तीन क्रेडिट थिअरी आणि एक क्रेडिट प्रात्यक्षिकाचा. विद्यार्थी २४, चार-चार जणांच्या सहा बॅच. आठ प्रयोगांपैकी पाचवा होता इम्पिडन्स ट्यूबमध्ये, म्हणजे एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला नमुना असलेल्या नळीत, पदार्थाचा ध्वनिशोषण गुणांक (आदळलेल्या आवाजाच्या ऊर्जेचा किती भाग पदार्थ शोषतो ते) काढण्याचा. हाच गुणांक निनादगृहात, म्हणजे आवाज घुमत राहील अशा खोलीत, मोजायचा तर किमान १५० घनमीटरची खोली आणि दहा-बारा चौरस मीटर पदार्थ लागतो. ट्यूबला बशीएवढी चकती पुरते, म्हणून निवड तिची.

ट्यूब विभागातच बनवली. बाहेरून ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, आतून मोजल्यावर १०३ मिलिमीटर, लांबी १.२ मीटर. एका टोकाला पेटीत बसवलेला चार इंची स्पीकर, दुसऱ्या टोकाला नमुना आणि त्यामागे वर्कशॉपमध्ये लेथवर उतरवलेली २५ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची चकती. नमुन्याच्या तोंडापासून १०० आणि १५० मिलिमीटरवर दोन भोकं, प्रत्येकात एक सहा मिलिमीटरची इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे छोटा मायक्रोफोन. पद्धत दोन मायक्रोफोनांची, आयएसओ १०५३४-२ या १९९८ च्या मानकातली : स्पीकरमधून पांढरा गोंगाट (सगळ्या वारंवारता सारख्याच असलेला आवाज) सोडायचा, दोन मायक्रोफोनांच्या संकेतांचं गुणोत्तर काढायचं, त्यावरून परावर्तन आणि परावर्तनावरून शोषण.

या पद्धतीच्या दोन मर्यादा आधीच कागदावर काढता येतात. २५ अंश तापमानाला ध्वनिवेग ३४६ मीटर प्रति सेकंद धरला, तर १०३ मिलिमीटरच्या पाइपात साधारण १९५० हर्ट्झपर्यंतच लाट सरळ, प्रतल रूपात जाते. त्यावर ती आडवी-तिडवी होते. खालची मर्यादा मायक्रोफोनांमधलं अंतर ठरवतं. ते तरंगलांबीच्या पाच टक्क्यांहून कमी नसावं, म्हणजे ५० मिलिमीटरसाठी ३४६ हर्ट्झ. प्रयोगपत्रिकेत वरची मर्यादा छापली होती, खालची राहून गेली. पुढच्या प्रकरणाची निम्मी जबाबदारी या राहून गेलेल्या ओळीची.

अडचण

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या बॅचने ५० मिलिमीटर जाडीचा फोम मोजला. ६०० हर्ट्झच्या वरचा आलेख पुस्तकासारखा चढत गेला. खाली मात्र दोन विचित्र गोष्टी होत्या. ३५०, ४५० आणि ५५० हर्ट्झवर काट्यासारखे टोचे. आणि ३०० च्या खाली आलेख घसरत शून्याच्या खाली. २०० हर्ट्झला गुणांक उणे ०.२.

“सर, फोम आवाज खायच्याऐवजी जास्तीचा परत देतोय,” असं बॅचमधल्या एकीने म्हटलं. वाक्य थट्टेचं असलं तरी अडचण तिने अचूक पकडली होती. या पद्धतीत गुणांक म्हणजे एक वजा परावर्तनाचा वर्ग. तो एकाच्या वर कधीच जाऊ शकत नाही, पण परावर्तन एकाहून मोठं आलं की शून्याखाली जातो. पदार्थाने ऊर्जा निर्माण केली असा त्याचा अर्थ होतो, आणि दोन इंच फोमकडून ती अपेक्षा नाही.

पुढच्या दोन बॅचचंही तेच झालं. चौथ्या बॅचचा आलेख मात्र स्वच्छ होता, कुठेही शून्याखाली नाही. त्याच्याकडे पुढे येऊ.

सगळ्यांना चकवलं ते कोहिअरन्सने. दोन मायक्रोफोनांमधला कोहिअरन्स सगळीकडे ०.९८ च्या वर होता, अगदी टोच्यांवरसुद्धा. विद्यार्थ्यांनी जर्नलमध्ये लिहिलं की मोजणी विश्वासार्ह आहे. पण कोहिअरन्स एवढंच सांगतो की दोन संकेत एकमेकांशी बांधलेले आहेत. कशाने बांधलेत, ते सांगत नाही. मेन्सचा हम, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण, दोन्ही तारांत एकाच वेळी शिरत असेल तर कोहिअरन्स उत्तमच येणार. जनरेटरचा संकेत आणि प्रत्येक मायक्रोफोन यांच्यातला कोहिअरन्स काढला असता तर टोच्यांच्या जागी खड्डे दिसले असते. फेजमधली, म्हणजे एक लाट दुसरीच्या किती मागे-पुढे आहे यातली, कायमची चूक तर कोणत्याच कोहिअरन्समध्ये दिसत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

प्रयोग यंदापुरता वगळावा, हा पहिला प्रस्ताव. सहापैकी चार बॅचचा प्रयोग होऊन गेला होता, त्यामुळे तो लगेच बारगळला. जुळवलेल्या मायक्रोफोनांची जोडी विकत घ्यायची तर कोटेशन लाखांत, वर खरेदी समिती. म्हणजे जानेवारीच्या आत काही नाही.

आलेख ३५० हर्ट्झला कापावा, हा तिसरा पर्याय. मानकाला धरून तो योग्यच होता आणि एका दिवसात झाला असता. त्याला विरोध करणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं की पाच टक्क्यांची मर्यादा म्हणजे भिंत नव्हे. तिच्याखाली चूक वाढत जाते, पण २०० हर्ट्झला एवढी वाढणं हे कशाचं तरी लक्षण आहे. कापलं तर लक्षण झाकलं जाईल, आणि त्याच कारणाचा थोडा अंश ४०० हर्ट्झवरही असेल.

फोमचा तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत मोजून आणावा, अशीही सूचना होती. ती मागे ठेवली गेली ते बरंच झालं. प्रमाण आलेख हातात आला की विद्यार्थी उपकरण तपासत नाहीत, आपला आलेख त्याच्या जवळ कसा नेता येईल ते बघतात. शिवाय प्रमाणाची गरजच नव्हती : ट्यूबच्या टोकाला नुसती धातूची चकती ठेवली तर उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं, हे प्रमाण फुकट उपलब्ध होतं.

राहिला मायक्रोफोनांच्या अदलाबदलीचा पर्याय. एकदा सरळ मोजायचं, मग दोन्ही मायक्रोफोन त्यांच्या वायरी-चॅनेलसकट जागा बदलून पुन्हा मोजायचं. पहिल्या मापाला दुसऱ्याने भागून वर्गमूळ घेतलं की चॅनेलमधला फरक गळून पडतो आणि खरं गुणोत्तर उरतं. मानकातही हाच उपाय आहे. प्रश्न एवढाच होता की तो दुरुस्ती म्हणून वापरायचा की आधी निदान म्हणून. लगेच दुरुस्ती म्हणून वापरला असता तर आलेख संध्याकाळपर्यंत सरळ झाला असता, आणि दोष कुठे होता ते कधीच कळलं नसतं. विभागाने आधी निदान करायचं ठरवलं. मुदत दोन आठवड्यांची.

टोच्यांचा शोध

५० हर्ट्झचे विषम गुणक पाहून सगळ्यांनी एकच नाव घेतलं : अर्थ लूप, म्हणजे दोन ठिकाणी अर्थ केलेल्या उपकरणांच्या तारांतून तयार झालेलं वेटोळं. अँप्लिफायर एका बोर्डावर, संगणक आणि ऑडिओ इंटरफेस दुसऱ्या भिंतीवर, आणि स्पीकरमधून हम कानाला ऐकू येत होता. एका विद्यार्थ्याने अँप्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढायला पक्कड हातात घेतली होती; लॅबमधल्या काकांनी ती काढून घेतली. अर्थ तोडल्यावर हम बहुतेक वेळा जातो, पण आतलं इन्सुलेशन बिघडलं तर अँप्लिफायरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. लूप तोडायची ती संकेताच्या तारेत, अर्थच्या तारेत नाही. त्यासाठी तपकीर गल्लीतून ६०० ओहमचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणून इंटरफेस आणि अँप्लिफायरच्या मध्ये घातला. तो स्पीकरच्या बाजूला असल्याने त्याची स्वतःची फेज मापात येत नाही.

स्पीकरचा हम पूर्ण गेला. आलेखावरचे टोचे जागचे हलले नाहीत.

हा टप्पा इतर कुठल्याही टप्प्यापेक्षा जास्त शिकवणारा होता, आणि त्याचं कारण थोडा विचार केला की लक्षात येतं. स्पीकरमधून आलेला हम हा ट्यूबच्या दृष्टीने आवाजच. तो नमुन्यावर आदळतो, परततो आणि मापाचे सगळे नियम पाळतो. त्याने गुणांक बिघडत नाही. बिघडवतो तो मायक्रोफोनच्या तारांत वीज म्हणून शिरलेला हम, जो ट्यूबमधून आलेलाच नाही.

मग गुरुवार आला. देखभालीसाठी वीज बंद होती. एका बॅचने लॅपटॉपच्या बॅटरीवर नुसती शांतता नोंदवली आणि टोचे गायब झाले. निष्कर्ष निघाला : पंखे. निष्कर्ष चुकीचा होता, कारण वीज गेल्यावर पंखे, ट्यूबलाइट, अँप्लिफायर आणि भिंतीतल्या तारा सगळंच एकदम बंद होतं. चार संशयित एकाच वेळी बाहेर गेले तर चोर कोण ते ठरत नाही. दुसऱ्या दिवशी वीज असताना कॅप्सूल काढून तिच्या जागी २.२ किलोओहमचा रेझिस्टर जोडला. रेझिस्टरला ऐकू येत नाही. तरी टोचे होते, म्हणजे पंख्यांचा आवाज निर्दोष.

दोष सापडला तो टेबलाखाली. कॅप्सूलपासून सर्किटपर्यंत दोन मीटर साधी दोन पदरी वायर होती, आणि टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून कोणीतरी ती अँप्लिफायरच्या पॉवर कॉर्डबरोबर केबल टायने बांधली होती. शिल्डेड वायर घातली, शिल्ड एकाच टोकाला म्हणजे इंटरफेसकडे जोडली, पॉवर कॉर्डपासून फूटभर लांब नेली आणि जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडली. ३५० हर्ट्झचा टोचा २२ डेसिबलने खाली आला, बाकीचे गोंगाटात बुडाले.

शून्याखालच्या आलेखाचा शोध

इथे काम जास्त पद्धतशीर झालं. आधी नमुना काढून चकती थेट टोकाला बसवली. २०० हर्ट्झला गुणांक उणे ०.३५. म्हणजे फोमचा संबंध नाही.

नंतर फक्त कॅप्सूल एकमेकींच्या जागी लावल्या, बाकी साखळी तशीच. आलेख तसाच राहिला. मग कॅप्सूल, वायर आणि सर्किट असं अख्खं चॅनेल बदललं. आलेख उलटला : उणे ०.३५ च्या जागी अधिक ०.२७. शेवटी इंटरफेसचे दोन इनपुट तेवढे बदलले. काही फरक नाही. कॅप्सूल नाही, इंटरफेस नाही. उरलं मधलं सर्किट.

सर्किट अगदी साधं होतं. नऊ व्होल्टची बॅटरी, कॅप्सूलला २.२ किलोओहममधून पुरवठा, आणि संकेत पुढे नेणारा एक मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. इंटरफेसचा इनपुट १० किलोओहम. कपॅसिटर आणि एकूण १२.२ किलोओहम मिळून १३ हर्ट्झचा हायपास फिल्टर होतो, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारी चाळणी. १३ हर्ट्झ म्हणजे २०० पासून कोसभर लांब, असं वाटतं. तिथे संकेत जेमतेम ०.०२ डेसिबलने घटतो. पण फेज ३.७ अंशांनी सरकते.

दोन्ही चॅनेलांत ती सारखीच सरकली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर मात्र अधिक-उणे २० टक्के सूट छापलेली असते. ते काढून एलसीआर मीटरवर (धारिता मोजणारं उपकरण) १०० हर्ट्झला मोजले. (एक किलोहर्ट्झला मोजू नयेत, इलेक्ट्रोलिटिकची धारिता वारंवारतेबरोबर घटते आणि आकडा फसवतो.) एक भरला ०.८६, दुसरा १.१२ मायक्रोफॅरड. दोन्ही छापील मर्यादेत, दोन्ही निर्दोष. २०० हर्ट्झला पहिल्यात फेज ४.३ अंश, दुसऱ्यात ३.३. फरक एक अंशाचा.

एक अंश किती मोठा? ५० मिलिमीटर अंतर कापायला २०० हर्ट्झच्या लाटेला फक्त १०.४ अंश लागतात. सगळं माप या दहा अंशांतून काढायचं असताना त्यातला एक खोटा. बॅचने तोच एक अंश सूत्रात घालून धातूच्या चकतीसाठी गणित केलं : एका दिशेला उणे ०.३६, दुसऱ्या दिशेला अधिक ०.२७. मोजलेल्या आकड्यांशी ते इतकं जुळलं की फळ्यावरचं गणित पुसू नका अशी चिठ्ठी लावण्यात आली.

कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचे घातले. वीस नग आणून त्यातून एक टक्क्यात जुळणारी जोडी निवडली. जोडणी करताना अधिक टोक कॅप्सूलच्या बाजूला हवं. एका बॅचने उलटं लावलं आणि चॅनेलमध्ये गळतीची खरखर येत राहिली. उरलेल्या बारीक फरकासाठी अदलाबदलीची दुरुस्ती आता वापरली, आणि ती वापरायची वेळ हीच होती.

पाइपही दोषी होता, थोडासा. पीव्हीसीची पातळ भिंत स्वतः थरथरते आणि ६२० हर्ट्झला चकतीच्या आलेखावर ०.१६ चा फुगवटा दिसत होता. १६० मिलिमीटरच्या पाइपात ट्यूब घालून मधल्या पोकळीत सोळा किलो वाळू भरली. पावसाळ्यात वाळू कोरडी मिळेना, ती कँटीनच्या परातीत वाळवावी लागली.

चौथ्या बॅचचा स्वच्छ आलेख

कच्च्या फाइली मागवल्यावर उलगडा झाला. प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती : उत्तर शून्याहून कमी आलं तर शून्य धरा. वर टिप्पणीही लिहिली होती, ‘भौतिकदृष्ट्या अशक्य’. म्हणजे लपवाछपवी नव्हती, पण जर्नलमध्ये उल्लेखही नव्हता.

विभागात दोन तट पडले. एकाचं मत, हा आकड्यांशी खेळ आहे, प्रयोगाचे गुण शून्य. दुसऱ्याचं मत, गुणदान तक्त्यात २५ पैकी १० गुण ‘अपेक्षित आलेखाशी साम्य’ याला ठेवलेले. मुलांनी जे मागितलं ते दिलं. दुसरी बाजू जास्त खरी होती. ज्या तीन बॅचनी आपला खराब आलेख जसाच्या तसा दिला त्यांना सरासरी कमी गुण पडले होते, याचा अर्थ तक्ताच काय शिकवत होता ते उघड आहे.

चौथ्या बॅचला न छाटलेला आलेख आणि त्यावर एक परिच्छेद लिहून पुन्हा सबमिशन करायला सांगितलं. गुण कापले नाहीत. तक्ता बदलला : साम्याचे १० गुण काढून चार चकतीच्या मापाला, चार कच्ची फाइल आणि प्रोग्रॅमला, दोन वैध वारंवारतेच्या पट्ट्याचं कारण देण्याला. आधीच्या तीन बॅचचं मूल्यमापन नव्या तक्त्याने पुन्हा झालं.

निष्पत्ती

सप्टेंबरअखेर धातूच्या चकतीचा गुणांक २०० ते १९०० हर्ट्झमध्ये ०.०४ च्या आत राहिला. अपवाद ६२०, तिथे वाळूनंतरही ०.०९ उरला, मायक्रोफोनच्या भोकांभोवतीचं एम-सील पुन्हा लावूनही तो हलला नाही. फोमचा आलेख २०० हर्ट्झला ०.१४ पासून सुरू होऊन वर चढतो. जर्नलमध्ये ३५० च्या खालचा भाग तुटक रेषेने काढायचा असं ठरलं. उपकरण आता खालीही बरं चालतं, तरी एका जोडीच्या कपॅसिटरवर विसंबून मानकाची मर्यादा ओलांडल्याचा दावा करणं घाईचं ठरलं असतं. सुट्या भागांचा खर्च दीड हजाराच्या आत राहिला, पाइप आणि वाळू धरून.

दोन आठवड्यांची मुदत मात्र पाच आठवड्यांवर गेली. स्पीकरच्या थील-स्मॉल मापांचा प्रयोग त्यामुळे एका तासात उरकावा लागला आणि ओरलला एक्स्टर्नलनी नेमका त्यावरच भर दिला.

वेगळं काय करता आलं असतं

चकतीचं माप पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. ते झालं असतं तर फोमवर तीन बॅच गेल्या नसत्या. हमसाठी ट्रान्सफॉर्मर आणण्यापूर्वी रेझिस्टरची चाचणी करता आली असती. कान जे ऐकतो आणि मापात जे शिरतं ते एकच, असं गृहीत धरल्याने एक आठवडा गेला.

सर्किटचं मूळही तपासायला हवं होतं. ते विभागातल्या एका जुन्या प्रकल्पातून उचललेलं होतं, बोलण्याचा आवाज नोंदवण्यासाठी केलेलं, आणि त्या कामाला एक मायक्रोफॅरड भरपूर होतो. एका कामाला पुरेसं असलेलं सर्किट दुसऱ्या कामात उचलताना कोणती राशी महत्त्वाची आहे हे बदलतं, इथे मोठेपणाऐवजी फेज.

काथ्याच्या बोर्डाचे नमुने ऑगस्टमध्ये उघड्या कपाटात होते आणि दमट झाले. त्यांची मापं टाकून द्यावी लागली. नमुने बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवणं आणि मोजण्यापूर्वी वजन करणं एवढंच लागतं. कापतानाही एक खबरदारी : चकती ट्यूबमध्ये दाबून बसवली तर फोम आक्रसून ताठ होतो, सैल बसवली तर कडेने आवाज मागे जातो. धार लावलेल्या लोखंडी पाइपाने कापलेली चकती स्वतःच्या वजनाने घसरणार नाही इतपत बसली की पुरे.

जुने दोन कपॅसिटर फेकलेले नाहीत. यंदा ट्यूबचे दोन संच आहेत आणि त्यातल्या एकात ते परत बसवले आहेत. कोणत्या, ते प्रयोगपत्रिकेत लिहिलेलं नाही.